क्लीटस राडमाकर आणि मानाची भिंत

क्लीटस राडमाकर दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. सेंट कुनिगुंडा या आमच्या गावाच्या आसपास एकही गोठा असा नव्हता, जिथं त्याचा वाद झाला नव्हता. वाद म्हणजे पैशाचा किंवा कामाचा नव्हे. कामात तो चोख होता. पण वाद घालायची त्याला उपजतच हौस होती आणि त्या हौसेला साजेसा धंदा त्यानं शोधून काढला होता. गाईच्या आचळांना यंत्र लावलेलं असताना शेतकरी पळून पळून जाणार कुठं? क्लीटस खाली वाकून रबरी नळी बदलता बदलता अगदी सहज म्हणायचा, "लायनस वुर्ट्झ फार लांब चेंडू मारायचा म्हणतात बुवा. आपल्या मैदानाची ती बाजूच आखूड आहे, हे कुणी सांगत नाही." मग शेतकऱ्याचे कान लाल व्हायचे. क्लीटस येऊन गेला की संध्याकाळचं दूध कमी भरतं, असं बायका म्हणायच्या. मी दुधाचा टँकर चालवायचो, मला त्यात तथ्य वाटायचं.

जानेवारीत दरसाल कूपरस्टाउनहून बातमी येते, की बेसबॉलच्या थोरल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या दालनात, यंदा कोण कोण गेलं आणि कोण दारातूनच परत फिरलं. त्यावरून देशभर लोक आठवडाभर एकमेकांच्या उरावर बसतात. आमचं तेवढ्यानं भागायचं नाही. तळं गोठलेलं, शेतं बर्फाखाली, आणि बर्फात भोक पाडून मासा येईल म्हणून माणूस त्या भोकाकडे तरी किती बघणार? म्हणून आम्ही गावाची स्वतःची मानाची भिंत काढली. मार्सेला स्पॅनियरच्या बारमध्ये, बाण फेकायच्या फळीपासून मुतारीच्या दारापर्यंत. गावच्या संघात जे खरोखर मोठे खेळले त्यांचे फोटो तिथं लागायचे. दाराजवळची जागा कुणाला नको असायची, कारण दार उघडलं की फोटोवर आपटायचं.

भिंतीची समिती पाच जणांची. अध्यक्ष फादर बेनो. ते शिकागोत वाढलेले. लहानपणी मोठमोठे खेळाडू डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे आमच्या गावातलं कुणी त्यांच्या डोळ्यात भरायचं नाही. दुसरी मार्सेला, कारण भिंत तिची. तिसरा ह्यूबर्ट क्लापहाके. हा प्रेतं पुरायचा धंदा करायचा. निम्म्या खेळाडूंना त्यानंच शेवटचा टाय बांधला होता आणि त्या नात्यानं तो प्रत्येकाला हो म्हणायचा. चौथा मी, विल्फ्रेड, एकेकाळचा संघाचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा, आणि पाचवा क्लीटस. भिंतीवर चढायला पाचांतली चार मतं लागायची. म्हणजे क्लीटसला फक्त आणखी एक माणूस फोडावा लागायचा, आणि फादर बेनो फुटायला कायम तयार असायचे.

क्लीटसनं कुणाकुणाला परत पाठवलं हे सांगत बसलो तर मार्च उजाडेल. अॅलॉय टेरेसनं एका मोसमात कुणी चोरले नसतील इतके बेस चोरले होते, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून पळत पुढचे थांबे गाठले होते. क्लीटस म्हणाला की तो जोरात पळायचा हे खरं, पण त्याच्या घरी गाई वाट बघत असायच्या, त्याला सामना लवकर संपवायचा असायचा. खेळाची ओढ निराळी आणि गाईंची ओढ निराळी. लायनसचं तर सांगितलंच. नॉर्बर्ट फुक्स हा आमचा सगळ्यात मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचा चेंडू पिसूसारखा उडायचा. त्याचं नाव तीनदा आलं आणि तीनदा क्लीटसनं पाडलं. नॉर्बर्टनं शेजारच्या गावचे जे बाडेनबर्गवाले बाद केले, त्यांच्यातल्या निम्म्यांना चष्मा लागलेला होता आणि घरात एकच चष्मा असायचा, तो आई वापरायची, असं त्याचं म्हणणं. फादर हसले आणि नाही म्हणाले. नॉर्बर्ट तेव्हा बारच्या टोकाला बसून अंडं खात होता. त्याला एका कानानं ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी तो कान आमच्याकडे होता.

असं करत करत भिंतीवर वर्षानुवर्षं नवा फोटो लागेना. मार्सेला वैतागली. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात डोनट खाता खाता तिनं मला आणि ह्यूबर्टला कोपऱ्यात घेतलं.

"यंदा त्याचंच नाव सुचवायचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"क्लीटसचं. आयुष्यभर दुसऱ्यांना भिंतीवरून ओढतोय. आता स्वतःला ओढताना बघू."

ह्यूबर्टनं ताबडतोब हो म्हटलं. ते त्याला सवयीनंच जमायचं. फादर बेनोंना विचारलं तर त्यांनी धर्मगुरूला शोभणार नाही असं हसून, शनिवारी पाचच्या प्रार्थनेनंतर बैठक ठरवली.

आता क्लीटसच्या खेळाविषयी सांगायला हवं. तो उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा. तिकडं चेंडू क्वचित जातो, म्हणून कुठल्याही संघात सगळ्यात कच्चा माणूस तिथंच ठेवतात. बॅट घेऊन दहादा आला तर दोनदा तो धड चेंडू मारायचा. पण त्याची एक खुबी होती. पिचरनं टाकलेला चेंडू अंगाला लागला, तर बॅटवाल्याला पहिला बेस फुकट मिळतो. क्लीटसच्या अंगाला चेंडू लागायचाच. खांद्याला, बरगडीला, ढुंगणाला. तो असा काही वळायचा की चेंडूला दुसरा रस्ताच उरायचा नाही. आणि अठ्ठावन्न सालच्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात, बरोबरी झालेली, तिन्ही बेसवर आमची माणसं उभी, तेव्हा बाडेनबर्गचा चेंडू क्लीटसच्या कोपराला लागला. पंचानं त्याला पहिला बेस दिला, सगळे एकेक बेस पुढं सरकले, तिसऱ्यावरचा माणूस घरी, म्हणजे बॅटवाल्याच्या जागी, परत आला आणि आम्ही एका धावेनं जिंकलो. तो तिसऱ्यावरचा माणूस मी. गावाला मिळालेला तो एकमेव करंडक. तो मार्सेलाच्या गल्ल्याशेजारी असतो, त्यात काड्यापेट्या ठेवतात.

नाव सुचवलंय हे क्लीटसला मीच सांगितलं. तो मुतारीत गेला आणि परत आला तेव्हा केस ओले करून नीट भांग पाडलेला होता. मग म्हणाला, "मी विरोध करणार."

"कर की. पण मत तुला नाही. ज्याचं नाव त्याच्या जागी घरचं माणूस बसतं."

हा नियम ह्यूबर्टच्या वेळचा. त्याच्या जागी त्याची आई बसली होती, तिनं हो म्हटलं होतं, आणि क्लीटस एकटा पडून ह्यूबर्ट भिंतीवर चढला होता. क्लीटसच्या जागी आता अल्विना बसणार होती. अल्विना म्हणजे क्लीटसची बायको, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. कमी बोलते. नवऱ्यानं घरातले सगळे शब्द वापरून टाकल्यावर तिच्या वाट्याला फारसे उरतच नसावेत.

शनिवारी उणे अठ्ठावीस होतं. बाहेर गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून इतक्या विजेच्या वायरी ओढलेल्या, की दारातून येताना माणसं उड्या मारत होती. आत बसायला जागा नव्हती. अल्विनानं सफरचंदाच्या वड्यांचं ताट आणलं, समितीच्या टेबलावर ठेवलं आणि क्लीटसच्या खुर्चीवर बसली. क्लीटस कोर्टात उभं राहावं तसा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

ह्यूबर्टनं त्याची बाजू मांडली. ह्यूबर्ट बोलला की प्रत्येक माणूस नुकताच वारल्यासारखा वाटतो. क्लीटसचा चांगुलपणा, क्लीटसची निष्ठा, गावासाठी त्यानं सोसलेले घाव. क्लीटस खाली बघत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्याची पाळी आली.

त्यानं सुरुवात अगदी बेतानं केली. त्याच्या बॅटीचा हिशेब सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. पंचावन्न साली एक उंच चेंडू त्याच्या हातात येऊन निसटला होता, ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं की एक नव्हे, त्याच दिवशी दोन. क्लीटसनं थांबून त्या दिशेला बघितलं. मग म्हणाला की बरं, दोन. पुढं त्यानं बेसवरून पळताना चुकीच्या दिशेला गेल्याचं सांगितलं, तर आणखी दोघांनी आणखी दोन प्रसंग काढले. मी त्याच्याकडं बघत होतो. तो प्रत्येक मुद्द्यानंतर क्षणभर थांबत होता. कुणीतरी म्हणावं, अरे नाही रे क्लीटस, इतकं काही वाईट नव्हतं, एवढीच त्याची अपेक्षा होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच अख्खं गाव त्याच्याशी सहमत होतं.

शेवटी फादर बेनोंना दया आली असावी. ते म्हणाले, "ते सगळं खरं. पण अठ्ठावन्नच्या सामन्यात तुम्ही तो चेंडू अंगावर घेतलात. त्याला छाती लागते. मला तेवढं पुरेसं आहे."

इथं क्लीटसनं गप्प बसायला हवं होतं. चार मतं खिशात होती. पण समोरच्यानं मुद्दा मांडलाय आणि तो खोडता येतो, हे दिसल्यावर त्याच्यानं कधीच राहवलं नव्हतं. भुकेल्याच्या पुढं ताट यावं तसं झालं.

"चेंडू लागलाच नव्हता," तो म्हणाला.

मार्सेलानं बिअरचा नळ बंद केला.

"मी वळलो, आणि बॅटीचं खालचं टोक स्वतःच्याच कोपरावर हाणलं. टक्कन आवाज आला. पंचाला वाटलं चेंडू. चेंडू माझ्यापासून वीतभर लांबून मागं गेला."

माझ्या हातातली वडी खाली पडली. मी म्हणालो, की चेंडू मागं गेला होता तर त्यांच्या कॅचरच्या हातातून सुटलेलाच होता, म्हणजे मी तिसऱ्यावरून पळत घरी आलोच असतो. धाव झालीच असती. करंडक आपलाच.

"तू?" क्लीटस म्हणाला. "विल्फ, चेंडू मागच्या फळीवर आपटून कॅचरच्या पायाशी परत आला होता. तुझे गुडघे त्या वर्षी आधीच गेलेले. तू अजून वाटेत असतास, लेका."

सगळे हसले. अर्ध्या लोकांचं म्हणणं पडलं की मी पोचलो असतो, अर्ध्यांचं नाही. दोन बिअरचे ग्लास आणि मिठाची बाटली मांडून तिसरा बेस, कॅचर आणि घर कुठं, याची आखणी सुरू झाली. ह्यूबर्टनं माझ्या बाजूनं बोलायचा प्रयत्न केला, पण माझ्या गुडघ्यांविषयी तो ज्या सुरात बोलला, त्यानं माझीच बाजू पडली.

एवढ्या गोंधळात अल्विनाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण चर्चमध्ये ऑर्गनचा पहिला स्वर आला की जसं होतं तसं झालं.

"मग तो कोपर?" तिनं विचारलं. "काळानिळा झाला होता तो?"

"बॅटीनं," क्लीटस म्हणाला. "जरा जोरातच बसली."

"विजयाच्या नाचाला मी तुझ्या कोपरावर बर्फ धरून बसले होते. सबंध संध्याकाळ."

"दुखत होताच की खरा."

"एक नाच झाला नाही माझा." ती सगळ्यांकडं वळली. "मी नवीन झगा शिवला होता. आणि नॉर्बर्ट फुक्स मला विचारायला खोलीच्या त्या टोकाहून चालत आला होता. मी म्हटलं, नको, याला चेंडू लागलाय."

आता सगळ्या माना बारच्या टोकाकडं वळल्या. नॉर्बर्ट तिथंच होता. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, तो टर्की पाळायचा आणि शनिवारी बारमध्ये यायचा. मार्सेला त्याच्या चांगल्या कानापाशी गेली आणि ओरडून तिनं विचारलं, की अठ्ठावन्नच्या नाचाला तू अल्विनाला विचारायला गेला होतास का. नॉर्बर्टनं बराच विचार केला. त्यानं अल्विनाकडं पाहिलं, मग क्लीटसकडं.

"तिच्या मागं सॉसेजचं टेबल होतं," तो म्हणाला.

हशा ओसरायला वेळ लागला. अल्विनाचा चेहरा जरा लाल झाला, पण ती हलली नाही. सॉसेज असेल नाहीतर आणखी काही, त्याला येऊ तर द्यायचं होतं, असं ती म्हणाली, आणि फादरांना म्हणाली की मतं घ्या.

ह्यूबर्ट हो म्हणाला. मार्सेला हो म्हणाली. एवढी गर्दी तिच्या बारमध्ये लग्नालाही झाली नव्हती. मी हो म्हणालो. क्लीटसला भिंतीवरून हाकललं असतं तर माझी धावही हाकलल्यासारखी झाली असती, आणि ती माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी धाव होती. फादर बेनोंनी चष्मा पुसला. पापाची क्षमा मी देऊ शकतो, म्हणाले, पण फोटोची चौकट देऊ शकत नाही. नाही.

राहिली अल्विना. क्लीटस भिंतीपासून एक पाऊल पुढं आला होता. इतकी वर्षं मी त्याला ओळखत होतो, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मागायचा भाव मी कधी पाहिला नव्हता.

"नाही," अल्विना म्हणाली. "आधी नॉर्बर्ट. मग बघू."

नियमानं दुसरं नाव आलं की क्लीटसची खुर्ची त्याला परत मिळायची. अल्विना उठली, तिनं खुर्ची झटकली आणि त्याला बसायला सांगितलं. नॉर्बर्टचं नाव चौथ्यांदा समोर आलं. फादर, मार्सेला, ह्यूबर्ट, मी, सगळे हो म्हणालो. फादरांनी क्लीटसकडं पाहिलं. त्याचं मत आता लागत नव्हतं, पण अल्विना त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"त्याचा चेंडू बरा जायचा," क्लीटस म्हणाला. "चष्म्याचं सोडा."

नॉर्बर्टचा फोटो बाणाच्या फळीजवळ लागला, दारापासून सगळ्यात लांब.

बातमी बाडेनबर्गला रविवारी पोचली. बुधवारी दुपारी त्यांचा म्हातारा कॅचर सिरिल हेमेश मार्सेलाच्या बारमध्ये आला. मी आणि क्लीटस तिथं पत्ते खेळत होतो. या सिरिलनं इतकी वर्षं भेटेल त्या माणसाला सांगितलं होतं की चेंडू लागला नव्हता, मी तिथं होतो, मी पाहिलं. त्याच्या गावातलेही त्याला कंटाळले होते. त्याच्या बायकोनं म्हणे जेवताना तो विषय काढायला बंदी घातली होती. तो टोपी काढून क्लीटससमोर बसला. मला वाटलं, आता मारामारी.

"म्हणजे मी वेडा नव्हतो," सिरिल म्हणाला.

"नव्हतास," क्लीटस म्हणाला.

सिरिलनं एक बिअर मागवली आणि सावकाश संपवली. मी गल्ल्याशेजारचा करंडक त्याच्यापुढं ठेवला, काड्यापेट्या काढून. न्यायाचा मान म्हणून. त्यानं तो परत सारला. करंडक नको म्हणाला, त्यांच्याकडं ठेवायला जागा नाही. त्यांना क्लीटसचा फोटो हवा होता.

बाडेनबर्गमध्येही एक बार आहे आणि तिथंही भिंत आहे. तिथं त्यांनी क्लीटस लावला. त्यांचं म्हणणं, बाडेनबर्गला आजवर एकाच माणसानं हरवलंय, आणि तेही चेंडूला न शिवता. एवढा मोठा खेळाडू तुमच्या भिंतीला पेलवत नसेल तर आम्ही सांभाळतो. फोटोखाली त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चेंडू लागला नव्हता’. ते वाचून सिरिल दरवेळी डोळे पुसतो, असं कळलं.

क्लीटस पहिल्यांदा भडकला. ही चेष्टा आहे, म्हणाला, मी जाऊन तो काढणार. शुक्रवारी खरंच गेला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तिथं तळलेले मासे असतात. फोटो न काढताच परत आला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेला. तिसऱ्या शुक्रवारी अल्विनाही गेली आणि मला बरोबर घेऊन गेली, कारण गाडी मी चालवणार होतो.

क्लीटस स्वतःच्या फोटोखाली बसला होता. फोटो संघाच्या जुन्या छायाचित्रातून कापून मोठा केलेला. चेहरा जरा धूसर, पण कान ओळखू येत होते. त्याच्यासमोर सिरिल आणि बाडेनबर्गचे दोघं-तिघं. क्लीटस त्यांच्या भिंतीवरच्या एका पिचरविषयी बोलत होता. तो इथं कसा चढला हेच त्याला कळत नव्हतं. इकडच्या मैदानात दुपारचं ऊन बॅटवाल्याच्या डोळ्यात जातं, मग बाद होतील नाहीतर काय. सिरिलचे कान लाल झाले होते. त्या पिचरचे सगळे चेंडू सिरिलनंच झेलले होते, ते ऊन त्याच्याही डोळ्यात गेलं होतं, असं तो टेबलावर बोट आपटून सांगत होता. तुझा कॅचर मध्येच कशाला आणतोस, क्लीटस म्हणाला, आपण पिचरचं बोलतोय.

आम्ही बसलो. अल्विनाचं ताट यायला उशीर होत होता. तिनं क्लीटसच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलला, त्यावर लिंबू पिळलं आणि फोटोकडं बघत सावकाश खाल्ला. क्लीटसला पत्ताच नव्हता. तो उन्हाची दिशा दाखवायला मिठाची बाटली शोधत होता.